करारसुधारणा आणि न्यायसहकार्य : मास्ट्रिख्ट ते लिस्बन

युरोपीय राष्ट्रांमधील न्याय व सुरक्षाविषयक सहकार्याचा इतिहास बहुधा वाढत्या सलोख्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. करारांची रचना तपासली असता मात्र निराळा क्रम दिसून येतो : आरोपी हस्तगत करण्याची तत्परता आधी आली, तिच्यावरील न्यायालयीन अंकुश मागाहून आला.

१९९३ साली अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने हे सहकार्य युरोपीय संघाच्या ‘तिसऱ्या स्तंभा’त ठेवले. तेथे निर्णय एकमताने होत आणि संघाच्या न्यायालयास फारसे स्थान नसे. १९९९ साली अमलात आलेल्या आम्स्टरडॅम करारानेही, राष्ट्रीय न्यायालयांनी या विषयात त्याचा निर्वाळा मागावा की नाही, हे ज्या त्या राष्ट्राच्या इच्छेवर सोडले.

याच चौकटीत १३ जून २००२ रोजी युरोपीय अटक-वॉरंटाचा निर्णय झाला. अंतिम शब्द मंत्र्याचा असलेली जुनी पद्धती जाऊन न्यायाधीशांमधील प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला. ३२ गुन्हेप्रकारांत, कमाल शिक्षा निदान ३ वर्षांची असल्यास, ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा ठरते काय, हे पाहण्याचे कारण उरले नाही. ‘प्रत्यर्पण’ ही संज्ञाही जाऊन ‘स्वाधीन करणे’ ही आली. हा पालट केवळ शाब्दिक नव्हे. सार्वभौम राज्याने केलेल्या कृपेचा भाव त्यातून लोपला. तथापि नागरिकाचे संरक्षण तोकडे पडते, असे म्हणून जर्मन घटना-न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी त्या देशाचा अंमलबजावणीचा कायदा रद्द ठरविला.

१ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन कराराने स्तंभरचना मोडली आणि मूलभूत हक्कांच्या सनदेस करारांइतकेच बळ दिले. जुन्या निर्णयांवरील न्यायालयाचा पूर्ण अधिकार मात्र ५ वर्षे लांबणीवर टाकला. ती मुदत संपताच, १ डिसेंबर २०१४ रोजी, ब्रिटन अशा सुमारे १३० निर्णयांतून बाहेर पडले आणि त्यांपैकी ३५ निर्णयांत लागलीच पुन्हा सामील झाले. अटक-वॉरंट त्यांत होते. परक्या न्यायालयाचा अंकुश नको, परंतु आरोपी हवेत, या ओढाताणीत सुरक्षेची गरज वरचढ ठरली.

त्या अंकुशाचे मोल ५ एप्रिल २०१६ रोजी प्रत्ययास आले. मागणी करणाऱ्या देशाच्या तुरुंगात अमानुष वागणुकीचा खरा धोका आढळल्यास वॉरंटाची अंमलबजावणी थांबविली पाहिजे, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने सनदेच्या आधारे दिला. राष्ट्राराष्ट्रांतील विश्वास वॉरंटापुरता पुरेसा असेल; ज्याच्या हाती बेडी पडते, त्याला मात्र दाद मागण्याचे ठिकाण लागते. लिस्बन कराराचे ऐतिहासिक महत्त्व या भेदात आहे.