दप्तरातला गुन्हा आणि कामाची भाकर



कामासाठी अर्ज करणाऱ्याला एक प्रश्न बहुधा विचारला जातोच : ‘तुम्हांला पूर्वी कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय?’ भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना असो, शाळा असो, की फाटकावरच्या पहारेकऱ्याची जागा असो. पहारेकऱ्याचे चारित्र्य पडताळून घ्यावे, असे तर 2005 च्या खाजगी सुरक्षा-संस्थांच्या कायद्यानेच सांगितले आहे. ज्याच्या हाती स्फोटके किंवा लहान मुले सोपवायची, तो माणूस कसा आहे हे पाहिलेच पाहिजे; याबद्दल दुमत नाही. परंतु पोलिसांच्या दप्तरात नाव आले म्हणून माणूस वाईट ठरविण्यापूर्वी, ते दप्तर कसकसे लिहिले गेले हे आपण जाणून घेतले पाहिजे.

इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याअन्वये सबंध जमातच गुन्हेगार ठरविता येई. अमक्याने चोरी केली की नाही, हे विचारण्याचे कारणच उरत नसे. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायला परवाना घ्या! सोलापुरास अशा लोकांची तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती आणि तिथली माणसे गिरण्यांत कामाला जात. राबवून घ्यायला ती चालत होती, विश्वास ठेवायला चालत नव्हती. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला. पारध्याच्या पोराकडे पाहण्याची नजर मात्र त्याच्याबरोबर गेली नाही.

आता आपल्याच जिल्ह्याकडे या. 16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूर पेटले. गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, पुढे खटले चालून कित्येकांना फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. फाशीच्या शिक्षा अखेर बदलल्या. पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि काल सरकारदरबारी गुन्हेगार असलेली माणसे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मानाची झाली.

रानाचीही हीच कथा. सरकारने करार करून इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला दिला. त्याच रानात राहणाऱ्या गोंडाने तो विनापरवाना तोडून विकला, तर 1927 च्या वनकायद्याने तो गुन्हा. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि 27 एप्रिल 2011 रोजी लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक-परवान्यांचे पुस्तक आले. म्हणजे बापाचा जो गुन्हा, तो मुलाचा हक्क झाला. मग बापाच्या नावावरचा जुना खटला पाहून त्याला गिरणीच्या फाटकावरून परत पाठविणे, हा कुठला न्याय?

न्यायालयांनीही याचा विचार केला आहे. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने, पूर्वीच्या राजकीय कार्याबद्दलच्या पोलिसी अहवालावरून मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला काढून टाकणे अयोग्य ठरविले. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात ते म्हणाले, की तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब अर्जात लपविली गेली असेल, तर मालकाला ती सोडून देता येईल. मोर्चात धरल्या जाणाऱ्या कामगाराला याचे मोल मी वेगळे सांगायला नको. पण त्याच निकालाने हेही बजावले, की माहिती खरीच दिली पाहिजे, आणि खरी दिली तरी उमेदवाराची योग्यता तपासण्याचा अधिकार मालकाकडे राहतो.

म्हणून अर्जदाराला माझे सांगणे, की काही लपवू नका. नुसता आरोप असेल तर आरोप लिहा, सुटका झाली असेल तर निकालाची नक्कल जोडा. आणि मालकाला सांगणे, की दप्तर जरूर पाहा, पण तीन गोष्टी विचारा : गुन्हा कोणता, केव्हाचा, आणि या कामाशी त्याचा संबंध काय? शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कोणीच काम दिले नाही, तर त्याची शिक्षा न्यायाधीशाने सांगितलेल्या दिवशी संपत नाही. आणि ती त्याच्याबरोबर त्याची बायकामुलेही भोगतात.