४९ वर्षांपुढची बाई

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठून आलं? बाळंतपणं उरकली, पाळी गेली आणि आपल्याच शरीरावरचा भरवसा उडाला, ही तर बाईची खासगी बाब. पण एखादी गोष्ट खासगी का राहिली, यालाही इतिहास असतो. तो आपण मणिबेलीपासून पाहू.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात आधी गाठलं ते यालाच. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं बुडाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मणिबेली जाहीरनामा’ निघाला. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, या मागणीमागे ४४ देशांतल्या ३२६ संघटना उभ्या राहिल्या.

नेमक्या त्याच महिन्यात, सप्टेंबर १९९४ मध्ये, कैरोला लोकसंख्येवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. बाईकडे केवळ जन्मदराचा आकडा म्हणून पाहू नका, तिचं आरोग्य हा तिचा हक्क आहे, असं तिथे मान्य झालं. भारतानेही १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची वरून लादलेली उद्दिष्टं मागे घेतली आणि १९९७ मध्ये नवा कार्यक्रम आणला. त्याचं नाव होतं ‘प्रजनन व बालआरोग्य’. नावातच मेख आहे, बघा. जिचं प्रजनन संपलं आणि जिची मुलं मोठी झाली, ती या नावात कुठे बसते?

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे. तिचा भर सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि स्तनदा माता यांच्यावर. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, मणिबेलीजवळच्या चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत दूरच्या पाड्यांवर बाळांना आणि गरोदर बायांना तपासायला जात होती. तिचं कौतुक देशभर झालं आणि ते रास्तच होतं. आमचा प्रश्न तिला नाही, योजनेला आहे: त्याच पाड्यावरच्या पंचेचाळिशीच्या बाईसाठी होडी कोणी सोडायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही बायांची मुलाखत १५ ते ४९ या वयातच होते. पन्नाशी आली की बाई या मुलाखतीतून बाहेर.

आता घराकडे वळू. रजोनिवृत्ती हा पुस्तकी शब्द. घरात म्हणतात, ‘विटाळ गेला’. कित्येक घरांत त्यानंतर बाईला देवघर मोकळं होतं, चारचौघांत बसता-बोलता येतं. म्हणजे मान थोडा वाढतो. पण अंगाचं काय? अंगातून अचानक वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. बाळंतपणांत सैल पडलेले ओटीपोटाखालचे स्नायू आणखी ढिले होतात. खोकलं, हसलं की लघवी सुटते. काहींचं अंग बाहेर येतं. सातपुड्यातल्या बाईला चढ चढायचा असतो, मोळी आणायची असते, पाणी भरायचं असतं. तिच्या लेखी शरीरावरचा भरवसा म्हणजे आरशातलं रूप नव्हे. डोक्यावर हंडा घेतला तर आपलं अंग आपल्याला धोका देणार नाही ना, एवढाच तो प्रश्न असतो.

हे कुणी विचारलंच नाही, असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं; शरीराविषयी मराठीत उघड बोलता येतं, हे त्यांनी खटले सोसून दाखवलं. पुढे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि याआधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८. दुखणं सर्वत्र होतं, विचारपूस नव्हती.

विचारपूस नसली की काय होतं, ते बीडने दाखवलं. २०१९ मध्ये ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहांत एक. पाळीत खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, दुखण्याचं नाव माहीत नाही. मग पिशवीच काढून टाका. शस्त्रक्रियेत अंडाशयंही गेली, तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास मागे लागतात.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच, की मध्यम वयात शरीरावरचा विश्वास परत मिळवणं हे एकट्या बाईच्या मनोधैर्यावर सोडून चालणार नाही. अंग बाहेर येण्यावर व्यायाम आहे, आत बसवायची रिंग आहे, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे. लघवी सुटण्यावर ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आहे. त्याला पैसा लागत नाही, पण शिकवणारी लागते. आणि मणिबेलीच्या परिसरात ती भिली बोलींत समजावणारी हवी, कारण असली दुखणी परक्या भाषेत कोणी सांगत नाही.

मणिबेलीचं नाव ४४ देशांत पोचलं. आता तिथल्या, आणि आपल्याही घरातल्या, पन्नाशीच्या बाईची मोजणी व्हायला हवी. त्याची सुरुवात सर्वेक्षणाच्या कागदावरची ४९ ची रेघ पुढे सरकवण्यापासून करता येईल.