बालिकबायन पेटी

परदेशस्थ फिलिपिनो माणसाने घरच्यांसाठी भरून पाठवलेले पुठ्ठ्याचे मोठे खोके. तगालोग भाषेत ‘बालिक’ म्हणजे परतणे, ‘बायन’ म्हणजे गाव किंवा देश. फर्डिनांड मार्कोस सरकारने 1973 मध्ये परदेशस्थांना मायदेशभेटीसाठी सवलती देणारी योजना आखली, तेव्हा हा शब्द रुळला. 1974 च्या कामगार संहितेने परदेशी नोकरभरतीला सरकारी चौकट दिली. आखाती देशांत, हाँगकाँगमध्ये, सिंगापुरात घरकाम, शुश्रूषा वा बांधकाम करणारी माणसे महिनोन्‌महिने एकेक वस्तू जमवतात : साबण, टूथपेस्ट, डबाबंद मांस, चॉकलेट, टॉवेल, मुलांचे बूट. पेटी जहाजाने जाते. भाडे बहुधा वजनावर नव्हे, आकारावर ठरते. म्हणून ती ठासून भरतात. नाताळापूर्वी पोहोचावी यासाठी कित्येक आठवडे आधीच रवाना करतात. यातले बरेचसे मनिलातही विकत मिळते. पण वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या आईने स्वतः निवडलेल्या बुटांची जागा दुकानातला जोड घेऊ शकत नाही. 2015 मध्ये सीमाशुल्क खात्याने पेट्या उघडून तपासण्याचा विचार मांडताच जनक्षोभ उसळला आणि अध्यक्ष बेनिग्नो आकिनो तिसरे यांनी सरसकट तपासणी थांबवायला लावली. 2016 च्या सीमाशुल्क कायद्याने करमाफीची मर्यादा 1,50,000 पेसोंपर्यंत वाढवली.