लुना गेली, पन्नास सीसीचे कलम उरले

#थ्रेड

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील चौथे कलम सांगते की, सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. त्याला जोडून एक परंतुक येते : इंजिनाची क्षमता ५० सीसीहून अधिक नसेल, तर अशी दुचाकी १६ वर्षे पूर्ण झाल्यावर चालविता येईल. पुणे-नाशिक महामार्गावरील कळंबसारख्या गावात हे परंतुक रोज मोडले जाते. आणि मोडणाऱ्याला बहुधा ते ठाऊकही नसते.

वाहनचालकाला परवाना हवा, ही कल्पना फार जुनी नाही. ब्रिटनने १९०३ मध्ये मोटारचालकांना परवाना सक्तीचा केला आणि किमान वय १७ ठरविले, पण परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरले की परवाना हाती येई. सक्तीची परीक्षा तेथे आली ती १ जून १९३५ रोजी! हिंदुस्थानात १९१४ च्या कायद्याने परवान्याची पद्धत देशभर लागू झाली, आणि त्याची जागा पुढे १९३९ च्या सविस्तर कायद्याने घेतली. त्यातही वयाची अट अठराचीच होती. मात्र त्या काळी मोटार ही संस्थानिकांची, साहेबांची आणि धनिकांची वस्तू. शाळकरी मुलाच्या हाती वाहन पडेल, ही चिंता गावपातळीवर उद्भवण्याचे कारणच नव्हते.

ते कारण पुण्यातून आले. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना बाजारात आणली. पन्नास सीसीच्या आतले इंजिन, सायकलीसारखी पायडल आणि मध्यमवर्गाला परवडणारी किंमत. शिक्षिका, दूधवाले, पोस्टमन, महाविद्यालयीन मुली अशा अनेकांचे पहिले स्वयंचलित वाहन तीच होती. इंजिन बंद पडले तर पायडल मारीत घरी जाता येई. १९८८ च्या कायद्यातील सोळा वर्षांची सवलत वाचताना असेच वाहन डोळ्यांसमोर येते : सायकलीहून थोडे वेगवान, मोटारसायकलीहून पुष्कळ दुबळे.

पण कायदा जागीच राहिला आणि बाजार पुढे गेला. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, ९८ सीसीची. २००१ मध्ये आलेली ॲक्टिव्हा १०२ सीसीची. गिअर नाही, किक मारण्याचे कष्ट नाहीत. दिसायला सौम्य, वेगाला मात्र मोटारसायकलीच्या जवळची. आज पन्नास सीसीची पेट्रोल दुचाकी शोरूममध्ये जवळजवळ सापडत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळू शकतो, पण त्या परवान्यावर चालविण्याजोगी गाडी मिळत नाही. घरात असते ती शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर, आणि ‘गिअरची नाही ना, मग चालते’ हा सार्वत्रिक गैरसमज. (२०२४ मध्ये लुना विजेवर परतली, पण विजेच्या मोटरला सीसी असतात कुठे?)

ही दरी कायद्याने शिक्षेच्या बाजूने बुजविली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला जबाबदार धरते : तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा अपघाती बळी गेला. १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा उसळलेला संताप सर्वांना आठवत असेल. चर्चा अर्थातच शिक्षेची झाली. शिक्षणाची फारशी झाली नाही.

वास्तविक शिक्षणाची बाजूच अधिक दुबळी आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलमधील हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा असतो. दुचाकीसाठी असे प्रशिक्षण घेणे बंधनकारक नाही. लर्निंग लायसन्ससाठी चिन्हांची परीक्षा आणि पक्क्या परवान्यासाठी मैदानावरील चाचणी, एवढ्यावर काम भागते. शिकविणारा असतो थोरला भाऊ किंवा चुलता, आणि तो शिकवितो ॲक्सिलरेटर व ब्रेक. उसाने भरलेली दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरगाडी अंधारात पुढे असेल तर अंतर किती राखावे, हे मैदानावर विचारले जात नाही. दैवदुर्विलास असा की, रस्ते वाहतुकीच्या प्रशिक्षणासाठी १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय रस्ते परिवहन संस्था याच पुणे-नाशिक रस्त्यावर, भोसरीला आहे.

त्यात मोबाइलची भर पडली. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ चा. म्हणजे १९८८ च्या कायदाकर्त्यांपुढे हा प्रश्न नव्हताच. २०१९ च्या दुरुस्तीने हातातील संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनाच्या कलम १८४ मध्ये स्पष्टपणे नोंदविला. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने मात्र एक वाट मोकळी ठेवली : चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी मोबाइल वापरता येतो. स्कूटरच्या हँडलवर बसविलेल्या त्याच पडद्यावर मार्गाचा बाण दिसतो, आणि मित्राचा संदेशही तेथेच उमटतो.