मराठीसाठी दोन दाबा

मुंबई-पुण्यातल्या बँकेला फोन लावला की हे वाक्य कानावर पडतं. मराठीचा क्रमांक कधी दुसरा असतो, कधी तिसरा. तो वाद इथे नको. पुढे ती बाई (आणि ती जवळजवळ नेहमी बाईच असते) आपली शिल्लक सांगते, "तीन हजार चारशे त्र्याहत्तर रुपये." आपण ऐकतो आणि फोन ठेवतो. हा 'त्र्याहत्तर' टेलिफोनच्या तोंडी यायला किती खटाटोप लागला, त्याची ही हकिगत. गेली वीसेक वर्षं मी कॉल सेंटरच्या संगणकप्रणालींवर पोट भरतो आहे, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो.

संगणकाने फोनवरच्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याला माणसाचं उत्तर कळायला हवं. ती सोय केली बटणांच्या फोनने. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या दोन गावांत बेल कंपनीने ही सेवा सुरू केली. प्रत्येक बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात, एक त्या ओळीचा आणि एक त्या रकान्याचा. पाच दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. हे सूर असे निवडले आहेत की माणसाच्या बोलण्यात ते सहसा चुकूनही जोडीने येऊ नयेत. आपल्याकडे घरोघरी होता तो तबकडीचा काळा फोन. त्याची तबकडी फिरताना लाइन तुटते-जुळते, एक्स्चेंज ते खटके मोजतं आणि जोडणी करून देतं. पलीकडच्या संगणकाला मात्र नुसती टकटक ऐकू येते. नंतर बटणांचे फोन आले, तरी बऱ्याच फोनच्या बुडाला 'टी' आणि 'पी' असं लिहिलेलं एक बारीक बटण असायचं, आठवतंय? ते 'पी'वर राहिलं तर दिसायला बटणं, पण आत तबकडीचेच खटके. दहावीचा निकाल फोनवर ऐकण्याची सोय झाली तेव्हा या एवढ्याशा बटणापायी किती घरांत घालमेल झाली असेल!

हे सूर ओळखणं, आवाज साठवणं आणि ऐकवणं, हे सगळं एका पीसीत बसणाऱ्या कार्डावर आणणाऱ्यांत डायलॉजिक ही न्यू जर्सीतली कंपनी आघाडीची. ती १९८३ मध्ये निघाली. तिचं डी/४१ हे चार लाइन्सचं कार्ड आमच्या धंद्यात घरगुती शिलाई मशीनइतकं ओळखीचं होतं. तेव्हा डिस्क महाग, म्हणून आवाज दाबून साठवत: सेकंदाला सहा हजार नमुने, प्रत्येकी चार बिट्स. म्हणजे एका मिनिटाचं बोलणं अवघ्या १८० किलोबाइट्समध्ये. बाई जरा डब्यात बसून बोलल्यासारखी वाटायची, पण बोलायची.

कार्डाबरोबर मिळायची हत्यारांची पेटी, म्हणजेच टूलकिट. फोन उचल, ही फाइल ऐकव, चार आकडे येईपर्यंत थांब, अशा तयार आज्ञांचा संच. माझ्या मते खरी क्रांती कार्डापेक्षा या पेटीत होती. तोवर टेलिफोन ही एक्स्चेंज बांधणाऱ्या बड्या कंपन्यांची मक्तेदारी होती. आता व्हिज्युअल बेसिक येणारा कुणीही पोरगा फोनवर बोलणारा प्रोग्रॅम लिहू लागला. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी टॅपी आणलं, त्याच सुमारास नॉव्हेल आणि एटी अँड टी यांनी टीसॅपी. पहिल्याची नजर टेबलावरच्या एका फोनवर, दुसऱ्याची ऑफिसच्या अख्ख्या एक्स्चेंजवर. १९९६ मध्ये जावावाल्यांचं जेटॅपी. नावांवरूनच भाऊबंदकी लक्षात यावी.

पण पेटी जिथे बनते तिथल्या सवयी तिच्यात आपोआप भरल्या जातात. टॅपीत प्रत्येक देशासाठी नंबर फिरवण्याचे तीन नियम ठरलेले: स्थानिक, लांबचा आणि आंतरराष्ट्रीय. आता आमच्या वुडलँड्समधून सामुद्रधुनीपलीकडे जोहोर बाहरूच्या इमारती दिसतात. देश वेगळा, पण तिथे फोन लावायला नेहमीच्या आंतरराष्ट्रीय आकड्यांऐवजी ०२०, मग जोहोरचा ७ आणि पुढे नंबर अशी शेजारधर्माची सोय आहे. (पुणेकरांनी कान टवकारू नयेत, हा ०२० वेगळा.) हा चौथा प्रकार त्या तीन खणांत बसत नाही. तो वेगळा शिकवावा लागतो.

भाषेच्या बाबतीत ही अडचण दसपट झाली. 'संख्या वाचून दाखव' ही आज्ञा या पेट्यांत असे, आणि ती इंग्रजीच्या मापाने बेतलेली. इंग्रजीला शून्य ते एकोणीस हे वीस शब्द, मग ट्वेंटी ते नाइंटी हे आठ, वर हंड्रेड, थाउजंड, मिलियन. एकतीस ध्वनिफितींत काम झालं. माझ्या चिनी सहकाऱ्यांना तर त्याहून सोपं: त्र्याहत्तर म्हणजे 'सात-दहा-तीन'. मलायही तशीच: 'तुजुह पुलुह तिगा'. सिंगापूरच्या या दोन भाषा यंत्राला जणू पाठच होत्या.

मराठीला मात्र ० ते ९९ असे शंभर शब्द, प्रत्येक स्वतंत्र. सत्तर आणि तीन जोडून त्र्याहत्तर होत नाही. 'स'चा 'ह' होतो आणि तीनचा 'त्र्या'. त्रेपन्नात तोच तीन 'त्रे' होतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही वजाबाकीची रीत लावत जावं तर शेवटी नव्व्याण्णव उलटतं. एकोणनव्वद म्हणायचं की नव्याऐंशी, यावर स्टुडिओत चर्चा होते ती वेगळीच. शिवाय वाक्याच्या मधला 'त्र्याहत्तर' आणि शेवटचा 'त्र्याहत्तर' यांचा हेल निराळा. दोन्ही घ्यायचे तर दोनशे फिती. त्यात टेलिफोन ३४०० हर्ट्झच्या वरचं काही पोचवत नाही, आणि 'स', 'श' यांची धार नेमकी तिथून वर असते. सहासष्ट आणि शहात्तर नीट वेगळे ऐकू यावेत म्हणून बोलणाऱ्याला पुनःपुन्हा म्हणायला लावायचं.

एका बाबतीत मात्र मराठी सरस. आधी काम सांगावं, मग आकडा, असा या धंद्यातला शहाणपणाचा नियम आहे, कारण आकडा आधी ऐकला तर काम ऐकेपर्यंत तो विसरतो. 'शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा' हे मराठीत दुसऱ्या कुठल्या क्रमाने सहजासहजी म्हणताच येत नाही!

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज हवं होतं आणि ते परवडत नव्हतं. त्याने स्वतःच लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं, ते ॲस्टेरिस्क. त्याच वर्षी इंटेलने डायलॉजिक विकत घेतली होती (२००६ मध्ये ती पुन्हा विकलीही). ॲस्टेरिस्कमुळे पेटीचं झाकणच निघालं. आत पाहिलं तर जर्मनसाठी वेगळा नियम लिहिलेला होता, कारण तेही आपल्यासारखेच 'तीन आणि सत्तर' म्हणतात. ज्या भाषेचा नियम नाही तिला इंग्रजीचा लागू. मराठी फितींचा फोल्डर जोडून ७३ म्हणायला सांगितलं तर यंत्र शांतपणे म्हणायचं, "सत्तर तीन."

म्हणूनच २०१९ च्या जूनमधला गदारोळ मी जरा निराळ्या कानांनी ऐकला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तर तीन' अशी वाचनाची रीत आली आणि विधिमंडळापर्यंत वाद गेला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं असं की जोडाक्षरांचे हे शब्द मुलांना जड जातात, आणि जुनी रीत पुस्तकात आहेच. त्यांच्या मुद्द्यात तथ्य होतं. इथल्या आपल्या मुलांना विचारून पाहा: ती 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात, आणि साताऱ्याच्या आजीने फोनवर 'त्र्याहत्तर' म्हटलं की आईकडे बघतात. तरीही दोनशे फिती घासून-पुसून जमवलेल्या माझ्यासारख्याला 'सत्तर तीन' ऐकताना नियम लिहायचा राहून गेल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.

आता फितींचं ते काम उरलेलं नाही. संगणक लिहिलेलं वाचून बोलतो. मायक्रोसॉफ्टच्या मराठी आवाजांची नावं तर 'आरोही' आणि 'मनोहर' अशी आहेत. त्र्याहत्तरसाठी कुणाला स्टुडिओत बसवावं लागत नाही. 'दीडशे', 'अडीच हजार', 'पावणेदोन लाख' हे शब्द मात्र मी काम केलेल्या एकाही प्रणालीत कुणी मागितले नाहीत. बँकेच्या कागदावर ते 'एकशे पन्नास'च असतं, आणि आजी ते ऐकून "म्हणजे दीडशेच ना?" असं फोनलाच विचारते.