शिकाऊ जॉकी (ब्रिटन)
शिकाऊ जॉकी : परवानाधारक प्रशिक्षकाच्या पागेत नोकरी करता करता अडथळ्यांविना होणाऱ्या (सपाट) घोडशर्यतीचे शिक्षण घेणारा तरुण घोडेस्वार. पूर्वी कोवळ्या वयातील मुलांना करारनाम्याने अनेक वर्षे प्रशिक्षकाकडे बांधून घेत. राहणे-जेवण मिळे, वेतन मात्र तुटपुंजे असे. आज न्यूमार्केट येथील ब्रिटिश रेसिंग स्कूलसारख्या संस्थांत पायाभूत शिक्षण होते व पुढील शिक्षण पागेत मिळते. तबेला झाडणे, दाणावैरण, खरारा, खूर व पाय तपासणे ही कामे आधी येतात. पहाटेच्या सरावात घोड्याची चाल व वेग ओळखता आल्यावर शर्यतीची संधी मिळते.

नवख्याला घोडा देण्यास मालक कचरतात, म्हणून घोड्याने वाहायच्या वजनात सूट असते : 20 विजयांपर्यंत 7 पौंड (सु. 3.2 किग्रॅ.), 50 पर्यंत 5 व 95 पर्यंत 3 पौंड. अनुभवाची उणीव हलक्या ओझ्याने भरून निघते, हे त्यामागचे तत्त्व. अनेक नामवंत जॉकी असेच घडले : लेस्टर पिगट यांनी वडिलांच्या पागेत शिकत 1948 मध्ये बाराव्या वर्षी पहिली शर्यत जिंकली. फ्रँकी देत्तोरी हे प्रशिक्षक लूका कुमानी यांच्याकडे घडले. ते 1989 चे सर्वोत्तम शिकाऊ जॉकी ठरले.