पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर : निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी जपानच्या गेम फ्रीक या संस्थेने सातोशी ताजिरी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केलेली व्हिडिओ गेमची जोडी. ती जपानमध्ये 21 नोव्हेंबर 1999 रोजी, उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर 2000 मध्ये व युरोपात 2001 मध्ये विक्रीस आली आणि तिच्या एकूण 2 कोटी 30 लाखांच्या आसपास प्रती खपल्या. खेळाडूने एका पात्राची भूमिका घेऊन गावोगाव हिंडायचे, पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडून वाढवायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या आणि ‘जिम’ म्हणजे झुंजीच्या आखाड्यांच्या प्रमुखांना हरवून बिल्ले मिळवायचे, हा 1996 च्या मूळ जोडीने घालून दिलेला साचा येथे कायम राहिला; मात्र प्राण्यांची संख्या 151 वरून 251 झाली. या जोडीतील बहुतेक गुण आणि बहुतेक दोष लहानशा कॅसेटमध्ये फार मोठे जग बसवण्याच्या एकाच आकांक्षेतून निपजले आहेत.

या जगाला जिवंतपणा दिला तो घड्याळाने. कॅसेटच्या आत एक घड्याळ बसवले होते आणि यंत्र बंद असतानाही ते चालू राहत असे. त्यामुळे पहाटे 4 ते 10 सकाळ, 10 ते संध्याकाळी 6 दिवस आणि त्यानंतर रात्र, असे तीन प्रहर खेळातही खेळाडूच्या घरातल्या वेळेबरोबर बदलत. हूटहूट हा घुबडासारखा प्राणी रात्रीच भेटे, लाप्रास हा समुद्रप्राणी युनियन गुहेत फक्त शुक्रवारी दिसे, तर कीटक पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी भरे. मालकाशी जिव्हाळा जडलेल्या ईव्ही या प्राण्याचे रूपांतर उजेडी झाले तर एस्पिऑनमध्ये आणि रात्री झाले तर अंब्रिऑनमध्ये होई. एरवी खेळाडू येईपर्यंत खेळातले जग थांबून राहते. येथे ते त्याच्यावाचूनही चालत होते, आणि त्या काळातील हातातल्या खेळांत या कल्पनेची सर क्वचितच कशाला येईल.

झुंजीच्या नियमांतही मोलाची दुरुस्ती झाली. मूळ जोडीत मनःशक्तीचा म्हणजे ‘सायकिक’ प्रकार इतका वरचढ होता की त्याच्यापुढे इतर प्रकार निष्प्रभ ठरत. त्यावर उतारा म्हणून ‘डार्क’ आणि ‘स्टील’ हे दोन नवे प्रकार आणले गेले, तसेच विशेष शक्तीचा जो एकच आकडा होता त्याचे हल्ला आणि बचाव असे दोन भाग केले गेले. नर-मादी भेद, अंड्यातून पैदास आणि प्राण्याच्या हाती वस्तू देण्याची सोय यांमुळे संघबांधणीला पूर्वी नसलेली खोली आली.

या सुधारणांचे वाटप मात्र चमत्कारिक आहे. ज्या जोहतो प्रदेशात मुख्य कथा घडते, तेथे रानात एकही डार्क प्राणी भेटत नाही : मर्क्रो व हाउंडूर हे दोघेही कथा संपल्यानंतर खुल्या होणाऱ्या कांटो प्रदेशात, तेही रात्री, सापडतात आणि स्नीझल तर अखेरच्या सिल्व्हर पर्वताच्या परिसरात. अंब्रिऑन सोडल्यास नवा प्रकार अनुभवण्याची संधीच उरत नाही. स्टीलिक्स आणि सिझर हे प्राणी केबल जोडून दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्याशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला नव्या शंभरांपैकी बरेच प्राणी आले नाहीत. आरंभी निवडता येणाऱ्या तिघांपैकी चिकोरिटा हा वनस्पतिप्रकारचा प्राणी घेतला, तर पहिले दोन जिमप्रमुख पक्ष्यांचे आणि कीटकांचे असल्याने नवख्याची सुरुवातच कठीण होते.

मुख्य कथा संपल्यावर खेळाडू जहाजाने कांटोला म्हणजे मूळ जोडीच्या भूमीवर जातो आणि तेथे आणखी आठ, एकूण सोळा बिल्ले मिळवू शकतो. ही उदारता थक्क करणारी आहे. तिच्यासाठी कांटोला मात्र बरेच काही गमवावे लागले : सफारी झोन बंद, सिनबार बेट ज्वालामुखीने उद्ध्वस्त आणि प्राण्यांच्या स्मशानाचा मनोरा रेडिओ केंद्र झालेला. तीन वर्षे लोटल्याचे कथेतले कारण पटते, तरी पूर्वी तेथे रमलेल्या खेळाडूला ते ओकेबोके वाटते. याहून गंभीर उणीव पातळ्यांच्या चढणीची आहे. अजिंक्यवीर लान्सचा सर्वांत बलवान प्राणी 50 व्या पातळीवर असतो, तर सिल्व्हर पर्वतावर उभ्या असलेल्या रेडचा पिकाचू 81 व्या; या दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठी रानातले दुबळे प्राणी पुरत नाहीत आणि त्याच त्या झुंजी कंटाळा येईपर्यंत कराव्या लागतात. तरीही ती अखेरची भेट या मालिकेतील सर्वोत्तम क्षणांत मोडते, कारण रेड हा मूळ खेळाचा नायक आहे. ज्याने तो खेळ खेळला होता त्याच्यासमोर त्याचेच जुने रूप एक शब्दही न बोलता उभे राहते.

घड्याळाची किंमत पुढे अनेक वर्षांनी कळली. घड्याळ आणि खेळाची साठवलेली नोंद या दोहोंना एकच नाण्याएवढा सेल वीज पुरवीत असे. घड्याळ अखंड वीज खात असल्याने सेल संपला की बालपणी वाढवलेले सगळे प्राणी नाहीसे होत. सेल पट्टीला डागलेला असल्यामुळे कॅसेट उघडून, जुना काढून नवा डागावा लागतो, आणि तसे केल्यावरही आधीची नोंद सहसा परत मिळत नाही. अशा कॅसेट जपणारे जाणकार म्हणून सेल जिवंत असतानाच जिवाभावाचे प्राणी केबलने दुसऱ्या कॅसेटमध्ये हलवून ठेवतात.

2000 च्या अखेरीस आलेल्या ‘क्रिस्टल’ या सुधारित आवृत्तीने मुलीचे पात्र निवडण्याची सोय दिली, 2009 मध्ये ‘हार्टगोल्ड’ व ‘सोलसिल्व्हर’ या नावांनी खेळ नव्याने घडवला गेला आणि 2017 मध्ये मूळ जोडी निन्टेंडो 3डीएस यंत्रावर डाउनलोडच्या रूपाने मिळू लागली.